आडात नाही, मग पोहऱ्यात कसे?

२०२४ सालच्या लग्नसराईतील ही गोष्ट आहे. त्या वेळी माझी नेमणूक इंदूरच्या एका शाखेत होती. एका सोमवारी सकाळी कामकाज सुरू होते न होते तोच आमच्या एक खातेदार भगिनी माझ्या टेबलासमोर येऊन बसल्या. महेश्वरच्या हातमागांवर विणलेल्या साड्या विकणे हा त्यांचा व्यवसाय. घराच्या पुढच्या खोलीत दुकान आणि त्याच्या जोडीला मुलाने उभारून दिलेले छोटेसे ऑनलाईन दुकान. एरवी हसतमुख असणाऱ्या ताईंचा चेहरा त्या दिवशी उतरलेला होता.

“साहेब, एक साडी मी तिघींना विकून बसले,” त्या म्हणाल्या. “मुद्दाम नाही हो विकली. पण आता त्यांतल्या दोघी मला लबाड म्हणताहेत.”

घडले होते ते असे. शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्याकडे आमसुली रंगाची, चटाईच्या नक्षीची किनार असलेली एकच साडी शिल्लक होती. किंमत ६,८०० रुपये. संकेतस्थळावर तिच्याखाली ‘१ नग उपलब्ध’ असे दिसत होते. भोपाळच्या एका जुन्या ग्राहक बाईंनी व्हॉट्सॲपवर छायाचित्र पाहून यूपीआयने पैसे पाठवले. ताई ती साडी बाजूला काढून ठेवतात न ठेवतात, तेवढ्या पंधरा मिनिटांत पुण्याच्या एका वधूमातेने तीच साडी संकेतस्थळावरून कार्डाने खरेदी केली. एका मोठ्या ई-बाजारपेठेवरही ती मांडलेली होती. तेथून रात्री बंगळुरूची मागणी आली. तिन्ही ग्राहकांनी पैसे भरलेले, तिघींनाही ‘आपली मागणी नोंदवली आहे’ असा संदेश गेलेला, आणि कपाटात साडी मात्र एक!

भोपाळची साडी रवाना झाली. बंगळुरूची मागणी रद्द करावी लागली, त्यामुळे त्या बाजारपेठेवरील ताईंचे मानांकन खाली आले. पुण्याच्या बाईंचे पैसे ताईंनी शनिवारीच परत पाठवले होते. पण कार्डावर परतावा जमा होण्यास कामकाजाचे पाच-सात दिवस जातात, हे ना ताईंना ठाऊक होते ना त्या बाईंना. “माझ्याकडून पैसे गेले, त्यांना मिळाले नाहीत. मग मधल्या मधे आहेत कुठे?” हा ताईंचा प्रश्न होता. त्या प्रश्नाचे उत्तर मी शोधून दिले आणि गुरुवारी पैसे पोहोचलेही. परंतु लग्न बारा दिवसांवर आलेले, मुलीने पसंत केलेली साडी हातची गेलेली, आणि हातमागावर पुन्हा तोच रंग तसाच उतरेल याची शाश्वती कोणी द्यावी? पैसे परत गेले. विश्वास परत आला नाही.

‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार’ असे आपण म्हणतो. ऑनलाईन दुकानाने ही म्हण उलटी करून टाकली आहे. येथे आडात नसलेले पाणी पोहऱ्यात खुशाल दिसते. अशा प्रसंगी विक्रेत्याच्या बेफिकिरीला दोष देऊन आपण मोकळे होतो. माझे मत निराळे आहे. मालसाठ्याचा आकडा हे ग्राहकाला दिलेले वचन आहे, आणि ते पाळण्यासाठी लागणारी हिशेबाची शिस्त बँकांनी फार पूर्वी आत्मसात केलेली असताना छोट्या विक्रेत्याच्या हाती दिलेल्या साधनांत ती अद्याप पुरेशी उतरलेली नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

आकडा चुकतो कोठे?

प्रत्यक्ष दुकानात वस्तू हातात घेणे, पैसे देणे आणि पिशवीत टाकणे या क्रिया एका जागी, एका मिनिटात पार पडतात. एका ग्राहकाच्या हातात असलेली साडी दुसरा मागू शकत नाही. ऑनलाईन दुकानात मात्र ‘टोपलीत टाका’ हे बटण दाबल्यापासून पैसे जमा झाल्याचा निरोप येईपर्यंत बरीच मिनिटे जातात. पत्ता लिहायचा, पिनकोड तपासायचा, पैसे भरण्याची पद्धत निवडायची, ओटीपीची वाट पाहायची, बँकेचा होकार यायचा. या अवधीत ती वस्तू कोणाची?

यावर तीन उत्तरे संभवतात. टोपलीत पडताक्षणी साठ्यातून वजा करावी, तर नुसतेच पाहून निघून जाणाऱ्यांच्या टोपल्यांत माल अडकतो आणि खऱ्या गिऱ्हाइकाला ‘माल संपला’ असा फलक दिसतो. पैसे जमा झाल्यावरच वजा करावी, तर एकाच वस्तूचे पैसे दोघे भरू शकतात. मागणी नोंदवताना वजा करावी, तर पैसे न भरता सोडून दिलेल्या मागण्या निस्तरत बसावे लागते. निर्दोष असे यात काहीच नाही. नुकसान कोणाचे आणि किती, एवढेच काय ते ठरवायचे असते.

ज्याच्या गोदामात हजार नग आहेत, त्याला एका नगाची चूक जाणवतही नाही. पण जिची प्रत्येक साडी एकुलती एक आहे, तिच्याकडे एका नगाची चूक म्हणजे शंभर टक्के चूक. बाजारात मिळणाऱ्या संगणकप्रणाली बहुतांशी पहिल्या प्रकारच्या दुकानाचा विचार करून घडवलेल्या वाटतात, आणि त्या वापराव्या लागतात दुसऱ्या प्रकारच्या दुकानाला.

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मालसाठ्यावरची प्रकरणे मी मन लावून वाचली होती. एका वेळी किती माल मागवावा म्हणजे खर्च किमान राहील, याचे गणित फोर्ड हॅरिस यांनी १९१३ साली मांडले, ते परीक्षेत सोडवून गुणही मिळवले. शेवटचा नग दोघांना विकला गेला तर काय करावे, हे मात्र कोणत्याही प्रकरणात नव्हते. तो धडा मला बँकेच्या नोकरीने दिला.

बँकेच्या खातेवहीतील शिकवण

आपल्या खात्यात दोन प्रकारची शिल्लक असते, हे वाचकांस ठाऊक आहे. एक खातेवहीतील शिल्लक आणि दुसरी प्रत्यक्ष वापरण्याजोगी शिल्लक. वटणावळीसाठी टाकलेला धनादेश अद्याप वटलेला नसेल, अथवा काही रकमेवर धारणाधिकाराची नोंद असेल, तर या दोन आकड्यांत फरक पडतो. खात्यात पन्नास हजार दिसतात, पण काढता येतात तीसच. प्रारंभी ग्राहकाला याचा राग येतो. वस्तुतः हाच फरक त्याचे आणि बँकेचे रक्षण करतो.

याचे सर्वांत सुबक उदाहरण भांडवल बाजारात सापडते. पूर्वी समभागांसाठी अर्ज करताना संपूर्ण रक्कम अर्जासोबत जात असे आणि समभाग न मिळाल्यास परताव्याची वाट पाहावी लागे. सेबीने २००८ मध्ये ‘अस्बा’ ही पद्धत आणली आणि जानेवारी २०१६ पासून सार्वजनिक विक्रीत ती सर्व गुंतवणूकदारांना लागू झाली. या पद्धतीत रक्कम खातेदाराच्या खात्यातच राहते, मात्र ती रोखून ठेवली जाते. समभाग मिळाले तरच वजा होते, न मिळाल्यास मोकळी होते. वजा करणे आणि रोखून ठेवणे या दोन भिन्न क्रिया आहेत, हे तत्त्व या पद्धतीने घरोघरी पोहोचवले. रिझर्व्ह बँकेनेही डिसेंबर २०२२ मध्ये यूपीआयवर एकदा रक्कम रोखून ती गरजेनुसार अनेक वेळा वजा करण्याची सोय जाहीर केली, तेव्हा ज्या उपयोगांचा उल्लेख केला त्यांत ऑनलाईन खरेदीही होती.

पैशाबाबत जे आपण करतो, तेच मालाबाबत का करू नये? ग्राहक पैसे भरण्याच्या पानावर आला की तो नग ठरावीक मिनिटांसाठी रोखला जावा. पैसे आले तर वजा, न आले तर मोकळा. साठ्याच्या वहीत ‘हातात’ आणि ‘उपलब्ध’ असे दोन वेगळे रकाने असावेत. हातात असलेल्यातून रोखलेले, तोंडी शब्द दिलेले आणि तपासणीसाठी बाजूला काढलेले वजा केले की उरते ते उपलब्ध. ग्राहकाला दाखवायचा तो हा शेवटचा आकडा.

छोट्या विक्रेत्याची खरी अडचण

सांगणे सोपे आहे, याची मला जाणीव आहे. ताईंचा माल एकाच वेळी चार ठिकाणी विकला जातो: दुकानात, व्हॉट्सॲपवर, स्वतःच्या संकेतस्थळावर आणि मोठ्या बाजारपेठेवर. चारही ठिकाणचे आकडे आपोआप जुळवून देणाऱ्या प्रणाली मिळतात, पण महिन्याला पंधरा-वीस साड्या विकणाऱ्यासाठी त्यांचे मासिक भाडे म्हणजे नाकापेक्षा मोती जड. मग हे आकडे जुळवण्याचे काम माणसावर येते, आणि ते माणूस एकच असते. फोन घेणारे, घडी घालणारे, पार्सल बांधणारे आणि कुरियरवाल्याची वाट पाहणारेही तेच.

दुसरी अडचण मोजमापाची. बडोद्याला राहणारी माझी मावशी दिवाळीत ओळखीच्या मराठी आणि गुजराती घरांना फराळ पुरवते. शेजारच्या मुलाने तिला ऑनलाईन दुकान थाटून दिले. त्या दुकानाने विचारले, चकलीचे नग किती? मावशीचा साठा नगांत नाही; तिचा साठा म्हणजे दोन मदतनीस बायका आणि दिवसाकाठी निघणारे ठरावीक घाणे. प्रथम तिने ५० पाकिटे असे भरले, तर दुसऱ्याच दिवशी ‘माल संपला’ असे दिसू लागले. ते टाळण्यासाठी कोणीतरी ९९९ भरण्याचा सल्ला दिला. मग वसुबारसेपर्यंत एवढ्या मागण्या आल्या की भाऊबीज उलटली तरी पार्सले जातच होती. ब्लाउजचे कापड विकणाऱ्याला सव्वा मीटर भरायचे असते, पण चौकट पूर्णांकच स्वीकारते. या बाबी ऐकणाऱ्याला किरकोळ वाटतात. ज्याचे गिऱ्हाईक तुटते त्याला त्या किरकोळ वाटत नाहीत.

तिसरी अडचण परत येणाऱ्या मालाची. वस्तू पोहोचल्यावर पैसे देण्याच्या पद्धतीत ग्राहकाने पार्सल नाकारले, तर ती वस्तू आठ-दहा दिवस रस्त्यातच असते. ती विकलेलीही नसते आणि कपाटातही नसते. व्ही. पी. ने पुस्तके मागवणाऱ्या पिढीला हा अनुभव नवा नाही. मात्र अशा मार्गस्थ मालाला वहीत स्वतंत्र रकाना नसेल, तर आकडा फसवाच राहणार.

पैसे भरण्याच्या पानावर

आता ग्राहकाची बाजू पाहू, कारण आपण सारेच ग्राहक आहोत. पैसे भरण्याच्या पानापर्यंत पोहोचून माघारी फिरण्याची वेळ कोणावर आली नसेल? टपालखर्च शेवटच्या पायरीवर उघड होतो. एक डबा लोणचे घ्यायचे तर आधी खाते उघडा, परवलीचा शब्द ठरवा. सगळा पत्ता लिहून झाल्यावर कळते की आपल्या पिनकोडला ही सेवा नाही. ओटीपी येईतो पानाची मुदत संपलेली असते.

यातील काही पायऱ्या आपल्या सुरक्षिततेसाठीच आहेत. ऑनलाईन कार्ड व्यवहारांना दुसऱ्या टप्प्याची पडताळणी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून सक्तीची केली. कार्डाचे तपशील विक्रेत्यांनी साठवून ठेवणे ऑक्टोबर २०२२ पासून बंद झाले. या दोन्ही निर्णयांनी फसवणुकीला आळा घालण्यास मदत केली, आणि त्यांचे मी बँकर म्हणून समर्थनच करतो. पण टपालखर्च लपवणे वा पिनकोड सर्वांत शेवटी विचारणे, यात सुरक्षिततेचा काहीच संबंध नाही. ती केवळ मांडणीतील अनास्था आहे.

येथे एक कबुली द्यावीशी वाटते. मी स्वतः एका लहान विक्रेत्याकडून पितळी समई मागवली होती. खात्यातून पैसे वजा झाले आणि पान अडकले. मी पुन्हा पैसे भरले, मागणी नोंदली गेली, आणि तासाभरात मी त्या विक्रेत्याविषयी कडक शब्दांत अभिप्राय लिहून मोकळा झालो. तिसऱ्या दिवशी पहिली रक्कम आपोआप परत आली. ती विक्रेत्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, पैसे वजा होऊनही विक्रेत्याला व्यवहाराची पुष्टी मिळाली नाही, तर कार्ड व यूपीआय दोन्हींबाबत व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत रक्कम आपोआप परत जमा व्हावी लागते, आणि त्याहून विलंब झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई देय असते. हा नियम मी काऊंटरवर अनेकांना समजावला आहे. स्वतःवर वेळ आली तेव्हा तो मला आठवला नाही. अभिप्राय मी काढून टाकला, पण तीन दिवस तो तेथे होताच.

उपाय कोणी करायचा?

काही जण म्हणतात, छोट्यांनी स्वतःची दुकाने बंद करून मोठ्या बाजारपेठांवरच जावे. मला हे पटत नाही. तेथे दलाली द्यावी लागते, हे एक. ग्राहकाशी थेट नाते राहत नाही, हे त्याहून महत्त्वाचे. भोपाळच्या बाई ताईंकडे वर्षानुवर्षे येतात, त्या ताईंच्या शब्दावर. शिवाय दुकानातल्या गल्ल्यावरही विक्री चालू असेल, तर दोन ठिकाणच्या आकड्यांचा प्रश्न तेथेही शिल्लक राहतोच.

विक्रेत्यांना माझे सांगणे थोडके आहे. साठ्याची वही एकच ठेवावी आणि विक्री कोठेही झाली तरी पहिली नोंद तिच्यात व्हावी. गणितात आपण हातचा धरतो, तसा शेवटचा नग हातचा राखावा. तो एकाच ठिकाणी विकावा, बाकी ठिकाणांहून काढून घ्यावा. जे विणून वा करून द्यायचे आहे, तेथे खोटा आकडा न लिहिता मुदत लिहावी. आपली रेल्वे प्रतीक्षा यादीतील क्रमांक स्वच्छ सांगते आणि प्रवासी तो मान्य करून थांबतात. मग ‘तीन आठवड्यांत विणून देऊ’ या वाक्याला लाजण्याचे कारण काय? आणि परतावा द्यावा लागलाच, तर त्याच दिवशी द्यावा व त्याचा संदर्भ क्रमांक ग्राहकाला स्वतः फोन करून कळवावा.

प्रणाली बनवणाऱ्यांनी नग रोखण्याची सोय सर्वांत स्वस्त योजनेतही द्यावी, अपूर्णांक स्वीकारावेत आणि टपालखर्च व पिनकोड पहिल्या पायरीवर आणावेत. ई-वाणिज्यविषयक ग्राहक संरक्षण नियम २०२० मध्ये आले. खरेदीला ग्राहकाची संमती आधीच खूण करून ठेवलेल्या चौकटीने गृहीत धरू नये, आणि परतावा रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या अथवा वाजवी मुदतीत द्यावा, असे ते सांगतात. त्या नियमांमागचा हेतू मांडणीतही उतरावा, एवढीच अपेक्षा.

राहिलो आपण, बँकेचे लोक. रोख कर्ज खात्यासाठी दरमहा साठ्याचे विवरणपत्र आपण आग्रहाने मागतो आणि त्यावर उचल मर्यादा ठरवतो. पण त्यातील किती माल रस्त्यात आहे, किती रोखलेला आहे, हे विचारतो का? पेमेंट गेटवेकडून येणारी रक्कम अनेक मागण्यांची मिळून, शुल्क वजा जाता, दोन-तीन दिवसांनी एकगठ्ठा जमा होते. कोणत्या मागणीचे पैसे आले आणि कोणत्या राहिले, याचा ताळमेळ लावणे छोट्या खातेदाराला अवघड जाते. आठवड्यातून अर्धा तास त्याच्याशेजारी बसून ताळमेळाची रीत दाखवणे ही सेवा कोणत्याही परिपत्रकात लिहिलेली नसेल, पण कर्ज सुरक्षित राखण्याचा तो उत्तम मार्ग आहे. ‘हे गेटवेचे काम, आमचे नव्हे’ या उत्तराने खातेदार टेबलासमोरून उठतो. त्याची अडचण उठत नाही.

ताईंसोबत मी असे तीन-चार वेळा बसलो. आता त्यांच्या गल्ल्याशेजारी एक लांबट वही असते. हातात, रोखलेले, मार्गस्थ आणि उपलब्ध, असे तिचे चार रकाने. रात्री दुकान बंद करताना साड्या मोजल्या जातात आणि बेरीज जुळल्याशिवाय दिवा मालवत नाही. शेवटचा नग संकेतस्थळावर मांडला जात नाही.

“दोन-चार गिऱ्हाइके हुकतात, साहेब,” माझी बदली झाली तेव्हा त्या म्हणाल्या, “पण रात्री झोप लागते.”

पुण्याच्या त्या बाई मात्र पुन्हा त्यांच्या दुकानाकडे फिरकल्या नाहीत. ताईंनी त्यांचे नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे. कोणाला दोष देण्यासाठी नव्हे. ‘१ नग उपलब्ध’ असे लिहिणे म्हणजे शब्द देणे असते, याची रोज आठवण राहावी म्हणून.